पेन्सिलीनं मार्क देणारी मास्तरीण

मरायच्या आदल्या संध्याकाळी आमची मास्तरीण आणि मी ओट्यावर पोपटाच्या शेंगा सोलत बसलो होतो. पोपट म्हणजे वाल. आमच्याकडे थंडीत वांगं टाकून त्याची भाजी करतात. माझी नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही, त्यामुळे माझ्या ताटात काही किडके दाणे गेले. दुसरी कोणती बायको असती तर म्हणाली असती, डोळे फुटले का. हिनं ताट उचललं, माझ्या पुढ्यात सरकवलं आणि म्हणाली, "आधी तुम्हीच पाहा."

मला राग आला. म्हटलं, "किडकं आहे त किडकं म्हण ना. तोंड कायले भाड्यानं दिलं का?"

ती नुसती बसून राहिली. तिचं ते बसून राहणं फार वाईट. भांडणारी बाई परवडते, वाट पाहणारी परवडत नाही. शेवटी मीच चष्मा लावला, किडके दाणे वेचून काढले. मग तिनं विचारलं, "हे कसे सुटले?" मी विचार केला आणि सांगितलं, उजेडाकडे पाठ करून बसलो ना, म्हणून. ती म्हणाली, "मग?" मग काय, उठलो आणि तोंड फिरवून बसलो. तिनं एका शब्दानं मला चुकलं म्हटलं नाही, आणि सगळं माझ्याच तोंडून काढून घेतलं.

त्या दिवशी ती खुशीत होती. शेंगा सोलता सोलता म्हणाली, "पायल उद्या देतो म्हणते. स्वतःहून बोलली, बाई, माझी उद्या घ्या." वजाबाकीची परीक्षा. मी म्हटलं, एवढीशी वजाबाकी, उद्या घे नाहीतर परवा घे, म्हैस थोडीच व्यायची राहिली आहे. तर ती एकदम गंभीर झाली. म्हणाली, "उद्या घेतली नाही त ते पोरगी परत येत नाही. मी तिले वळखतो."

पायल कोण, ते सांगतो. पण आधी मास्तरीण कोण, ते सांगायला पाहिजे.

तिचं नाव कौसल्या. तिच्यासमोर मी कधी घेतलं नाही, आता घेऊन राहिलो. गाव तिला बाई म्हणायचं, मी मास्तरीण म्हणायचो. तिचा बाप सौंदडच्या फाटकावर रेल्वेत होता. पोरगी डी.एड. झालेली, नोकरीला लागलेली, आणि मी तिसरी. तीही अर्धी. त्यांच्या घरच्यांना मी का पसंत पडलो तर माझी जमीन तळ्याखालची, ओलिताची होती आणि मी दारू पीत नव्हतो. पाहायला गेलो तेव्हा पोहे देता देता तिनंच विचारलं, तिसरी अर्धी काऊन?

मी सांगितलं, गणितात गुरुजीनं पाटीवर हे एवढं मोठं शून्य काढून दिलं. मी पाटी घरी नेली, चुलीजवळ ठेवली आणि म्हशी सोडल्या. परत गेलो नाही. कोणी बोलवायलाही आलं नाही. म्हशी खूश होत्या.

सगळे हसले. ती हसली नाही. तिनं विचारलं, "कोणती गणितं चुकली होती?"

आता हे मला कोणी कधी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, मला काय माहीत, शून्य दिलं, पाटी हातात दिली. तिचं तोंड रागानं लाल झालं. मला वाटलं, गेलं लग्न. पण राग माझ्यावर नव्हता, त्या गुरुजीवर होता. तो गुरुजी तोपर्यंत मरूनही गेला होता, तरी तिनं त्याला सोडलं नाही. लग्नानंतरही कधी मधी जेवताना म्हणायची, निदान कोणती चुकली ते तरी सांगायचं.

दर वर्षी एप्रिल आला की आमच्या घरात लग्नघराची धावपळ असायची, कारण तिच्या वर्गाचे मार्क भरायचे असायचे. ती मार्क पेन्सिलीनं लिहायची. खोडरबर सोबत. एकदा तालुक्याहून साहेब आले. त्यांनी पाहिलं आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. म्हणाले, बाई, सरकारी मार्क आणि पेन्सिलीनं? ही म्हणाली, "साहेब, पोरगं रोज बदलते. पेनानं कसं लिहू?"

सरकारात बदलणाऱ्या पोराचा रकाना नसतो. साहेबांनी आपलाच पेन दिला आणि समोर बसवून सगळे मार्क पक्के करवून घेतले. त्या दिवशी घरी आली तर चेहरा असा, जसं काही कोणाच्या मातीला जाऊन आली. रात्री जेवली नाही. मी म्हटलं, काय झालं बाप्पा? म्हणाली, त्या वाघमाऱ्याच्या पोराचा गुणाकार आता येऊनच राहिला होता, पंधरा दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं?

पण कोणी असं समजू नये की ती मार्क वाटत होती. फुकटचा अर्धा मार्क तिच्याकडून ब्रह्मदेवालाही मिळाला नसता. एक गोष्ट सांगतो. दोन हजार साल लागायचं होतं, त्याच्या आधीची. चौथीचा पेपर बाहेरून छापून आला होता. त्यात प्रश्न होता, घराच्या छपरावर काय असते? एका पोरानं लिहिलं, कोहळा. मुख्याध्यापक म्हणाले, चूक, उत्तरसूचीत कौलं आहे. मास्तरीण त्यांना हाताला धरून म्हणावं तसं बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, सर, आता छपरं पाहा. दिवस असे होते की गावातल्या प्रत्येक छपरावर वेल चढलेला आणि वेलाला कोहळे लोंबलेले. कौलं दिसतच नव्हती. सरांनी मान हलवली. कोहळ्याला पूर्ण मार्क मिळाला.

इथंच थांबली असती तर ती मास्तरीण कशाची? सरपंचाच्या पोरानं कौलं लिहिलं होतं. त्याला तिनं अर्धा दिला. संध्याकाळी सरपंच आमच्या अंगणात. चहासुद्धा घेईना. म्हणाला, "मास्तरीणबाई, हे कोणता न्याय? पुस्तकातल्याले अर्धा अन् कोहळ्याले पूर्ण?"

ती म्हणाली, पोराला बोलवा. पोरगं आलं. तिनं विचारलं, तुझ्या घरावर काय आहे रे? पोरगं म्हणालं, स्लॅब. "मग कौलं कुठं पाहिली?" पोरगं म्हणालं, गाईडात.

सरपंचानं पोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हशीकडे पाहिलं. सरपंच म्हणाला, आणि स्लॅब लिहिलं असतं तर? ही म्हणाली, तर पूर्ण. आताही देतो, उद्या गाव फिरून ये आणि मला सांग, छपरावर काय काय असते.

दुसऱ्या दिवशी पोरगं धापा टाकत आलं. कौलं, टीन, कोहळा, वाळत टाकलेली मिरची, तुटलेली सायकल आणि कोमट्याच्या किराणा दुकानावर एक मांजर. तिनं पूर्ण मार्क दिला. मांजरही धरली. सरपंचानं मग चहा घेतला.

घरी तर आमची रोजचीच परीक्षा. मी बांध घातला की तिनं विचारायचं, कसा झाला, तुम्हीच सांगा. मी चहा केला की तेच. नुसतं बरं झालं किंवा वाईट झालं एवढं म्हणायला तिचं काय जात होतं? पण नाही. मला मात्र तिच्याकडून एकदा तरी मार्क पाहिजे होते. शून्यानंतर मला आयुष्यात कोणी मार्क दिलेच नव्हते. एका दिवाळीला मी धरूनच बसलो. म्हटलं, नवरा म्हणून मला शंभरातून किती?

"तुम्हीच सांगा."

मी विचार केला, जास्त मागावे तर बरं दिसत नाही. म्हटलं, साठ. ती म्हणाली, बरं, चाळीस कुठं गेले? आणि मी मूर्ख सांगत बसलो. तिच्या भावाशी बोलत नाही त्याचे दहा, घोरतो त्याचे पाच, साडी आणायला गेलो आणि बी-बियाणं घेऊन आलो त्याचे वीस. बोलता बोलता दिवे लागायची वेळ झाली आणि मी साठाच्याही खाली आलो. पुढच्या दिवाळीला मी शहाणा झालो. म्हटलं, शंभर. ती म्हणाली, "वा. म्हणजे शिकायचं काही राहिलं नाही. मग आज भात तुम्हीच रांधा."

त्यानंतर मी मार्क मागायचं सोडलं.

ती रिटायर झाली आणि सरकारनं नवा कायदा आणला. आता आठवीपर्यंत कोणी नापास नाही, आकडे कमी, पोराविषयी शब्दांत लिहायचं. मी म्हटलं, घे, सरकार तुझ्या वर्गात बसून गेलेलं दिसते. ती हरखून गेली. बाजारचा दिवस नसताना शाळेत पेढे घेऊन गेली. संध्याकाळी परत आली तर पेढ्यांचा पुडा तसाच.

झालं असं की शाळेत नवीन सर आले होते. तरणा पोरगा, वाईट नव्हता. त्याच्या डोक्यावर दोन वर्ग, खिचडीचा हिशेब, वरून मतदार याद्या. त्यानं गोंदियाहून तयार वाक्यांची एक चोपडी आणली होती. 'चित्रे काढण्यात रस घेतो', 'सर्वांशी मिळून मिसळून वागतो', असं सगळं छापलेलं. सर एका मागून एक उतरवत होता. एका पोराच्या नावासमोर 'नियमित उपस्थित राहतो' लिहिलं होतं. ते पोरगं सहा महिन्यांपूर्वी आईबापासोबत विटाभट्टीवर नागपूरकडे गेलं होतं.

मास्तरीण सरांना रागावली नाही. तिनं त्यांना विचारलं, सर, हे वाचून त्याच्या आईले उद्या काय करायचं ते समजेल का? सर खरोखर विचारात पडले. म्हणाले, "मॅडम, टाइम किधर है?" ते गोंदियाचे, हिंदीतच विचारात पडायचे. मग तिनं ठरवलं, सरांकडे टाइम नाही, आपल्याकडे आहे. दुसऱ्या दिवसापासून शाळा भरायच्या आधी ती शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजी टाकून बसू लागली. ज्याला काही येत नाही त्यानं यावं. पगार नाही, हुकूम नाही. मी तिला सायकलवर सोडायला जायचो आणि पिंपळाखाली बसून तंबाखू मळायचो. त्यामुळे मला सगळं दिसायचं.

तिथं पायल आली. तिसरीतली. आली म्हणजे तिच्या आजीनं ओढत आणली. पोरीनं शाळा सोडली होती. वजाबाकीच्या पानावर सगळ्या फुल्या मिळाल्या, वर्गातली पोरं तिला ढ म्हणाली, आणि ही गप्प झाली ती झालीच. घरी बकऱ्या होत्या. बकऱ्या कोणाला ढ म्हणत नाहीत. मी पिंपळाखालून पाहत होतो आणि मला वाटत होतं, हे मी पाहिलेलं आहे.

मास्तरणीनं त्या फुल्यांकडे पाहिलंच नाही. पोरीला म्हणाली, बावन्नातून सत्तावीस, हे तू कसं केलं, मला सांग. पोरगी बोलेना. हिचं बसून राहणं सुरू झालं. किती दिवस गेले कोणाला माहीत, रोज येऊन दोघी नुसत्या बसायच्या. मी एकदा म्हटलंही, तू तिला शिकवून राहिली की ती तुला? मग एका सकाळी पोरगी म्हणाली, "दोनातून सात निघतच नाही. म्हणून मी सातातून दोन काढले."

मास्तरीण पिंपळापर्यंत धावत आली. या वयात. तिला धाप लागली होती. म्हणाली, "ऐकलं का? दर वेळी एकाच रीतीनं चुकते. पस्तीस लिहिते, नेहमी पस्तीस. ढ पोरगं असं चुकत नाही हो. तिनं नियम केला आहे. नियम चुकीचा आहे, पण तिचा स्वतःचा आहे."

मग तिनं धानाच्या काड्या आणल्या. दहा दहा काड्यांच्या पेंढ्या बांधल्या. सुट्या दोनच आहेत आणि सात द्यायच्या आहेत, तर काय करशील? पोरगी पेंढीकडे पाहत राहिली आणि मग तिनं पेंढी सोडली. एवढंच. पण त्या दिवशी मास्तरणीनं घरी येऊन खीर केली.

पुढं रोज थोडं थोडं. मास्तरणीनं तिला एक शब्द दिला होता. तू तयार आहे म्हणशील तेव्हाच तुझी परीक्षा, आणि चुकली तर परत, आणि परत. जोपर्यंत तू म्हणत नाही तोपर्यंत कोणी काही लिहिणार नाही. सरांनीही मान्य केलं. त्यांनी नोंदवहीत त्या पोरीची जागा कोरी ठेवली होती.

आणि त्या दिवशी पोरगी म्हणाली होती, उद्या.

सकाळी चहा घेऊन उठवायला गेलो तर मास्तरीण उठली नाही. झोपेतच गेली. छातीच्या गोळ्या चालू होत्या, पण डॉक्टरांनी तिला नक्की काय सांगितलं होतं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या घरात विचारायचं काम तिचं होतं. आमचा पोरगा नागपूरला असतो, तो आला. दुपारी तळ्याच्या काठावर नेलं. गाव सगळं होतं. सरपंच आता म्हातारा झाला, तोही काठी टेकत आला. कोहळेवाला पोरगा आता एसटीत कंडक्टर आहे. तो ड्युटी सोडून आला आणि तोंडाला रुमाल लावून उभा राहिला. पोरांना सरांनी सुट्टी दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, सदरा घातला आणि सायकल काढली. माझी बहीण आडवी आली. म्हणाली, सुतक आहे, दहा दिवस घर सोडायचं नसते, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, एका पोरीला निरोप सांगायचा आहे, येतो. बाई नाहीत, सरांकडे दे, असं सांगून यायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हणजे ती वाट पाहत बसणार नाही. किंवा वाट न पाहता बकऱ्यांकडे जाणार नाही.

पायल वऱ्हांड्यात होती. सतरंजी नव्हती, फरशीवरच बसली होती. पाटी मांडीवर, पेंढ्या बाजूला.

मी म्हटलं, "बाई नाही न बेटा."

"माहीत आहे. मी काल आली होती तिकडं."

"मग आज काऊन आली?"

"बाईनं सांगतलं होतं. म्हणे, मी नाही आली कधी, त काका घेतील."

मी म्हटलं, "मी? मी तिसरी शिकलो, तेही अर्धी." पोरगी म्हणाली, "ते बी सांगतलं बाईनं. म्हणे काकाले सगळं येते, फक्त घाई करतात."

मी सायकल पिंपळाला टेकवली आणि तिच्यासमोर फरशीवर बसलो. गुडघे वाजले. तिनं पाटी पुढं केली. मी तीन गणितं घातली, जी मला तोंडानं येतात, कारण हाटात आयुष्यभर तीच केली. त्रेचाळिसातून अठरा. तिनं पेंढी सोडली, काढलं, पंचवीस. एकसष्टातून चौतीस. सत्तावीस. मग सत्तरातून सव्वीस. तिनं पेंढ्यांना हात लावला नाही. भरभर लिहिलं, छप्पन्न. पाटी माझ्याकडे फिरवली आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागली.

"बरोबर आहे का काका?"

'नाही' माझ्या ओठावर आलं होतं. मी ते गिळलं. हात खिशात तंबाखूच्या डबीकडे गेला, तोही मागं घेतला. पोरगी माझ्याकडे पाहत होती, मी तिच्याकडे. सर दारात आले, त्यांनी घड्याळ पाहिलं, आम्हा दोघांना पाहिलं आणि आत गेले. घंटा झाली. पोरं धावत आमच्या बाजूनं वर्गात गेली. आत हजेरी सुरू झाली, एक एक नाव, हजर, हजर.

पायलनं पाटी परत आपल्याकडे वळवली. शून्यावर बोट ठेवलं. मग हळूच एक पेंढी जवळ ओढली.

मी बसून राहिलो.